वीतभर दोन चौकोन

"ताई, नुसत्या रंगापायी चार महिने अडकलेय. माझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न नेहमी येतो. कधी रंगाच्या जागी सोफा असतो, कधी मुलाची शाळा. इंदूरच्या सुदामानगरातल्या या बाईंनी (ओळखीचे तपशील बदललेत) मोबाइल पुढे केला. बेडरूमच्या जुन्या गुलाबी भिंतीवर वीतभर दोन चौकोन, एक मोतिया, एक गडद मोरपंखी. खाली पेन्सिलीने तारखा. पेंटर दोनदा येऊन, पोहे खाऊन परत गेलेला.

मी आधी रंगाबद्दलच बोलले. सगळंच काही मनात नसतं. गुलाबीच्या शेजारी मोतिया हिरवट भासतो आणि वीतभर तुकड्यावरून भिंतीचा अंदाज येत नाही. म्हटलं, मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पांढरी कड सोडा आणि प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, रात्री बघा. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात मोतिया ऊबदार दिसतो, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच फिका पडतो.

पुढच्या खेपेला म्हणाल्या, "रोज मोरपंखीच आवडतो. पण..."

"चुकलाच, तर?"

"सगळे म्हणतील, आम्ही सांगितलं होतं."

सहा वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने मरून पडदे आणले होते. एका उन्हाळ्यात विटले. घरी पाहुणे आले की तो किस्सा अजून निघतो, आणि सगळ्यांत मोठ्याने यजमान हसतात.

मग चूक झालीच तर ती केवढ्याला पडेल, ते आम्ही काढलं. बारा बाय नऊची एक भिंत, म्हणजे १०८ चौरस फूट. दोन हातांना दोन लिटरच्या आत रंग, शिवाय एका दिवसाची मजुरी. गडदावरून पुन्हा फिक्यावर यायचं तर प्रायमरचा खर्च वाढतो, म्हणून आधी एकच भिंत. हिशेब त्यांनीच बिलाच्या पाठीवर मांडला. "चुकलं माझं, दिवाळीला बदलू," हे वाक्य मात्र मी त्यांच्याकडून आठ वेळा म्हणवून घेतलं. पहिल्यांदा आवाज कापला, आठव्यांदा हसू फुटलं. (माझ्या दवाखान्याची भिंत सरकारी पिस्ता आहे. मीच निवडला होता.)

भाजी कोणती करायची इथवर असंच होत असेल, झोप उडाली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. इथे तसं नव्हतं.

भिंत मोरपंखी झाली. सासूबाई म्हणाल्या, "खोली लहान दिसतेय गं."

"दिसतेय खरी," म्हणत बाईंनी पडदा सरकवला.