रेनडिअर किती आहेत, असं विचारू नका!
भटकंतीची प्रश्नपेटी

प्रश्न : ताई, जानेवारीत आम्ही चौघं फिनलंडला जातोय. पॅकेजमध्ये रोव्हानिएमीला सांताचं गाव, हस्की राईड, काचेच्या इग्लूत एक रात्र आणि "लॅप लोकांच्या पारंपरिक संस्कृतीचा अनुभव" असं सगळं आहे. तर हे खरंच तिथल्या आदिवासींचं असतं का नुसता शो? — एक वाचक, नाशिक

शंका आली हे बरं झालं, नाहीतर पैसे भरून झाल्यावर विचारणारेच जास्त असतात. पहिली गोष्ट, "लॅप" म्हणू नका, त्या लोकांना तो शब्द अपमानाचा वाटतो. ते स्वतःला सामी म्हणतात, आणि नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला भाग अशा चार देशांत त्यांची वस्ती आहे. दुसरं म्हणजे रोव्हानिएमी हे फिनलंडमधल्या सामींच्या कायद्याने ठरलेल्या प्रदेशात येतच नाही. तो प्रदेश सुरू होतो आणखी वर, त्यात उत्स्योकी, इनारी, एनोंतेकिओ हे तालुके आणि सोदान्कुलाचा उत्तरेकडचा भाग.

आता तुमचं पॅकेज बघू. सांता सोडून द्या, मुलं खूश होतात. पण हस्कीच्या गाड्या ही काही सामींची परंपरा नाही, ते कुत्रे तिकडे पर्यटनाबरोबर आले, सामींचे कुत्रे रेनडिअरचे कळप राखणारे असतात आणि हस्कीच्या भुंकण्याने रेनडिअर बुजतात म्हणून कळपवाले वैतागलेले असतात. इग्लू तर इन्युइटांचा, म्हणजे पार कॅनडा-ग्रीनलंडकडचा! सामींचा तंबू म्हणजे लाव्वू, मधे चूल आणि वर धूर जायला भोक. म्हणजे तुमच्या यादीतलं जवळपास काहीच सामी नाही, आणि जे "सामी" म्हणून लिहिलंय तिथे नीट चौकशी करावी लागेल, कारण भलत्याच माणसाला खोटा गाक्ती घालून उभं करायचे प्रकार तिकडे बरेच झालेत. गाक्ती म्हणजे त्यांचा पोशाख. त्याच्या रंग-पट्ट्यांवरून माणूस कुठल्या भागातला, कुठल्या घरातला ते जाणकाराला कळतं, तो काही फॅन्सी ड्रेस नाही. शेवटी फिनलंडच्या सामी संसदेने (हो, त्यांची स्वतःची संसद आहे, इनारीत) 2018 मध्ये पर्यटनासाठी नियमावलीच काढली.

मग काय करायचं? इनारीपर्यंत जा. रोव्हानिएमीपासून सव्वातीनशे किलोमीटर, बस आहे, नाहीतर हेलसिंकीहून इव्हालोला विमान आणि पुढे साधारण 50 किलोमीटर. आधी सीदा म्युझियम बघा. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात वर्षानुवर्षं पडलेल्या सामींच्या दोन हजारांवर वस्तू 2021 मध्ये इथे परत आल्या. आणि मग एखाद्या कळपवाल्या कुटुंबाकडे दोन-तीन तास. बुक करताना मेलवर सरळ विचारा, कळप कोणाचा, घरातलं कोण भेटणार. खरे लोक लगेच उत्तर देतात, पॅकेजवाला गोल गोल बोलतो.

तिथे गेल्यावर एकच पथ्य, "तुमचे रेनडिअर किती?" हे विचारायचं नाही. ते म्हणजे बँकेत किती पैसे आहेत असं विचारणं. आपल्याकडे ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्याचा पगार विचारतात म्हणून मुद्दाम सांगतेय. त्यापेक्षा कानांच्या खुणा विचारा. प्रत्येक मालकाची पिल्लाच्या कानाला कापलेली खूण वेगळी, मोकळ्या फिरणाऱ्या कळपात आपलं जनावर त्यावरूनच ओळखतात. हा विषय काढला की गप्पा थांबत नाहीत, आपल्याकडच्या धनगराला मेंढी कशी ओळखता विचारून बघा, तसंच.

प्रश्न : आई 68 वर्षांची आहे, तिला नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) बघायचेत. जानेवारी बरा का मार्च? — ठाणे

मार्च, डोळे झाकून. इनारीत डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा निळसर उजेड असतो बस, आणि उणे तीसपर्यंत पारा जाऊ शकतो. लाइट्स ऑगस्टअखेरपासून एप्रिलपर्यंत दिसतात, त्यामुळे मार्चमध्ये काही हुकत नाही, उलट दिवस मोठा, बर्फ भरपूर, ऊन छान. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला इनारीत गोठलेल्या तळ्यावर रेनडिअरच्या शर्यती असतात, त्या तर टूरिस्टसाठी नाहीतच, गावच्या आहेत, आपल्या बैलगाडा शर्यतीसारखी गर्दी. जमलं तर तारखा तेव्हाच्या धरा. लाइट्सची गॅरंटी मात्र कोणी देत असेल तर तो थापा मारतोय, ढग आले की संपलं.

प्रश्न : आम्ही प्युअर व्हेज. उपाशी राहू का? आणि योइक ऐकायला मिळेल का? — कोल्हापूर

उपाशी नाही, पण वैतागाल. कळपवाल्यांकडचं जेवण म्हणजे रेनडिअरचं मांस, नाहीतर सामन माशाचं सूप. आधी कळवलंत तर काहीतरी करतात. लेइपायुस्तो म्हणून भाजलेलं चीज मिळतं, त्यावर क्लाउडबेरीचा जॅम, ते मात्र खाच (रेनेट, म्हणजे चीजसाठी वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, चालत नसेल तर आधी विचारून). बाकी भाजणी, मेतकूट, लोणचं बॅगेत टाका. मी तर थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन उपम्याची पाकिटं खाल्लीत, लाज कसली.

योइक म्हणजे सामींची गायकी. ते म्हणतात की योइक एखाद्या माणसा"बद्दल" नसतो, ते त्या माणसालाच योइक करतात, म्हणजे गाण्यात त्यालाच उभं करतात, डोंगराला, लांडग्यालासुद्धा. एकेकाळी चर्चने हे पाप ठरवलं होतं, त्यामुळे कोणी चुलीपाशी बसून गायलं तर आधी ऐका, मोबाइल विचारून काढा. तसाही त्या थंडीत तो बाहेर काढला की बॅटरी दहा मिनिटांत झोपते, आतल्या खिशात अंगाशी ठेवा.