पेशींचं ‘आसंजन’, ‘चिकटणं’ की ‘पकड’?

प्रश्न असा आहे: आत्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट तिला मराठीत समजावून सांगायचाय. त्यात ‘लोब्युलर कार्सिनोमा, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ असं लिहिलंय. लोब्युलर कार्सिनोमा हा स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार. कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रथिन आहे एवढं कळलं. मग त्याला ‘चिकट प्रथिन’ म्हणावं का ‘आसंजन प्रथिन’?

‘चिकट’ नको. ‘आसंजन’ बरोबर आहे, पण ते लेखात, आत्यासमोर नको. तिच्याशी बोलताना ‘पकड’ म्हणा.

‘आसंजन’वर माझा राग मुळीच नाही. उलट फार देखणा शब्द आहे. धातुपाठात ‘षञ्ज सङ्गे’ असा धातू आहे, म्हणजे लागून राहणे, जडणे. त्यातूनच संग, प्रसंग, आसक्ती, निःसंग हे आपले रोजचे शब्द आले. म्हणजे आसंजन हे आसक्तीचं सख्खं भावंड. विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याचा थेंब काचेला धरून राहतो ते आसंजन, तसंच पेशीचं. लेख लिहायचा असेल तर निःशंक वापरा. पण दवाखान्यातून नुकत्याच परतलेल्या बाईला हा शब्द पहिल्यांदा ऐकवला, तर तिचं निम्मं लक्ष त्या शब्दातच अडकून पडतं.

‘चिकट’ला मात्र माझी खरी हरकत आहे. मराठीत चिकट म्हटलं की हाताला लागतं ते डोळ्यापुढे येतं: गूळ, डिंक, फणसाचा चीक. शिवाय पैसे न सोडणारा माणूस चिकट आणि बरा होता होईना तो आजारही चिकट. रिपोर्टमध्ये ‘चिकट प्रथिन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, अंगात काहीतरी बुळबुळीत साठलंय. कॅडहेरिन डिंकासारखं वागतच नाही. पेशीच्या आवरणातून ते बाहेर हातासारखं निघतं आणि शेजारणीचा तसलाच हात धरतं. तो हात ताठ राहायला कॅल्शियम लागतं. प्रयोगशाळेत एकमेकींना धरून बसलेल्या पेशींभोवतीचं कॅल्शियम काढून घेतलं की हात लुळे पडतात, पेशी सुट्या होतात. नावसुद्धा त्यावरूनच पडलं. जपानचे मासातोशी ताकेइची यांनी कॅल्शियमवर चालणारी ही पकड शोधली आणि १९८४ साली या प्रथिनाला कॅल्शियम आणि चिकटणं या दोन कल्पना जोडून ‘कॅडहेरिन’ म्हटलं. नावाआधीचा ‘ई’ एपिथेलियमचा, म्हणजे अवयवांना आणि नलिकांना अस्तर देणाऱ्या पेशींचा. पेशीच्या आत हा हात ज्या प्रथिनांनी सांगाड्याला बांधलेला असतो त्यांना कॅटेनिन म्हणतात. त्यात ‘साखळी’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. हात आणि साखळी! शास्त्रज्ञांनी स्वतःच इतकी बोलकी नावं ठेवली असताना आपण डिंकाची बाटली का उघडायची?

‘सांधणे’ हा मला फार आवडणारा शब्द, आणि ‘सांधणारी प्रथिने’ अर्थानेही चोख आहे. पण दवाखान्याच्या संदर्भात ‘सांधा’ म्हटलं की गुडघा आठवतो. म्हणून तो बाजूला ठेवला. ‘पकड’चं बरं असं की तिच्यासोबत क्रियापदंही तयार मिळतात: पकड घट्ट असते, सैल पडते, सुटते.

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते, स्लाइड रंगवते. ई-कॅडहेरिनची तपासणी करतो तेव्हा प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग धरतो आणि पेशींची केंद्रकं निळी दिसतात. दुधाच्या निरोगी नलिकेत प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ असते, मधाच्या पोळ्यासारखी सलग जाळी. त्याच काचेवर शेजारी लोब्युलर कर्करोगाच्या पेशी असल्या तर तिथे बहुधा नुसते निळे ठिपके. जाळी नाही. आणि ते ठिपके एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे तंतूंमधून चाललेले. इंग्रजीत या मांडणीला पूर्वी ‘इंडियन फाइल’ म्हणत. त्याचं ‘भारतीय रांग’ करू नका. तो इंडियन अमेरिकेतला मूळ रहिवासी, रानवाटेने एकामागे एक चालणारा. ‘एकेरी रांग’ पुरे.

आता ‘निगेटिव्ह’. करोनापासून आपल्याकडे ‘निगेटिव्ह आला’ म्हणजे पेढे वाटायची बातमी. इथे तसं नाही, आणि घाबरण्यासारखंही नाही. १६व्या गुणसूत्रावरच्या सीडीएच१ या जनुकात बिघाड झाल्याने बहुतेक लोब्युलर कर्करोगांत हे प्रथिन नाहीसं होतं. स्तनाच्या कर्करोगांत साधारण १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात. म्हणजे हा शब्द आजाराचा प्रकार ओळखायला मदत करतो, तो किती वाढलाय हे सांगत नाही. ‘निगेटिव्ह’ऐवजी ‘आढळलं नाही’ असं म्हणा. त्याच कागदावर इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन धरणारं पेशीतलं प्रथिन, पॉझिटिव्ह असेल (या प्रकारात बहुतेकदा असतो), तर ते हार्मोनच्या गोळ्या लागू पडण्याच्या दृष्टीने चांगलं. इथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगली बातमी, ही अदलाबदल आत्याला आधीच सांगून ठेवा.

आणखी एक वाक्य सर्रास लिहिलं जातं: ‘पेशींची पकड सुटते म्हणून कर्करोग पसरतो.’ मराठीत ते इतकं सरळ उतरतं की शंकाच येत नाही. पण ते अर्धंच खरं आहे. स्तनाच्या कर्करोगाचा जो सर्वांत नेहमीचा, दुग्धवाहिनीचा प्रकार, त्यात ई-कॅडहेरिन बहुधा शाबूत असतं आणि तरी तो पसरतो. २०१९ साली अमेरिकेत उंदरांवर आणि रुग्णांच्या पेशींवर झालेल्या कामात दिसलं की ई-कॅडहेरिन काढून घेतल्यावर पेशी मूळ जागेहून जास्त सुटल्या, पण वाटेतच जास्त मेल्या आणि दूरच्या अवयवात त्यांची वस्ती कमी झाली. रक्तातून जाणारे पेशींचे घोळके एकट्या पेशींपेक्षा कमी असतात, पण नवी वस्ती करण्यात ते बरेच सरस ठरतात. म्हणजे हात धरून जाणंही कर्करोगाच्या कामी येतं. म्हणून ‘पकड सुटणे’ आणि ‘पसरणे’ यांच्यामध्ये ‘म्हणून’ घालू नका.

जाता जाता ‘गाठ’. आपण सगळ्या बायकांना एकच सांगत आलो: गाठ लागली तर दाखवा. गाठ म्हणजे आवळून बांधलेलं काहीतरी. ती पडायला पेशींनी एकमेकींना धरून बसावं लागतं. ज्यांची पकडच गेली त्या रांगेने पसरत जातात, त्यामुळे लोब्युलर प्रकारात कित्येकदा ठळक गाठ लागतच नाही आणि मॅमोग्राफीतही तो लपून राहू शकतो. एखादा भाग नुसताच दडस लागतो, कातडी ओढल्यासारखी दिसते. माहितीपत्रकात ‘गाठ किंवा दडसपणा’ असं लिहिलं पाहिजे, हे मी भेटेल त्याला सांगते.

तर आत्याला असं सांगा: ‘आत्या, पेशी एकमेकींचा हात धरून असतात. तुझ्या आजारातल्या पेशींमध्ये तो हात आढळला नाही, त्यावरून डॉक्टरांना प्रकार कळला. तुला गाठ हाताला लागली नव्हती ना, तेही बहुधा त्यामुळेच. तुझ्या तपासण्यात काही चुकलं नव्हतं.’