मावशींनी हाताने दिलेला नुरेयेवचा फोटो कोणाचा?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मावशी 1960च्या दशकात लंडनमध्ये नर्स होत्या. बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव 'जिझेल' या बॅलेतल्या नायकाच्या, आल्ब्रेख्टच्या, पोशाखात उभा असलेला फोटो, त्यावर मावशींचं नाव, दोन ओळी आणि सही. वृद्धाश्रमात जायच्या आदल्या दिवशी तो त्यांनी साडीच्या घडीत गुंडाळून तुमच्या हाती दिला. आता मृत्युपत्रात 'घरातलं सगळं सामान मुलाला' असं निघालं आणि मावसभाऊ फोटो परत मागतोय.

देऊ नका. मृत्युपत्र चालतं ते मरणाच्या वेळी मावशींच्या मालकीचं जे उरलं होतं, त्यावर. हयातीत दिलेली वस्तू त्यात येत नाही. मात्र इंग्लंडच्या कायद्यात नुसतं 'हे तुझंच' म्हणून भागत नाही. देण्याचा इरादा हवा आणि वस्तू खरोखर हवाली व्हायला हवी, किंवा रीतसर डीड, म्हणजे सही केलेला कायदेशीर दस्तऐवज, हवं. 'री कोल' खटल्यात नवऱ्याने सजवलेलं घर दाखवून बायकोला 'हे सगळं तुझं' म्हटलं होतं, तरी ते सामान तिचं ठरलं नाही, कारण हवाली असं काही झालंच नव्हतं. तुमच्याकडे ती साडीची घडी आहे, म्हणून तुमची बाजू भक्कम आहे.

फोटोवरच्या ओळींचा आधार मात्र घेऊ नका. त्यांवरून इतकंच कळतं की तो मावशींना मिळाला होता. पुढे तो कोणाकडे गेला, हे त्या सांगत नाहीत. मेलेल्या माणसाने दिलं म्हणणाऱ्याकडे न्यायाधीश जरा सावधपणे बघतात. म्हणून 'फोटो जपून ठेव गं' हा मावशींचा व्हॉट्सॲप निरोप तारखेसकट जपा आणि त्या दिवशी घरात असलेल्या शेजारीणबाईंकडून लेखी निवेदन घ्या. त्यांचं वय बघता, याच आठवड्यात.

प्रती छापून विकायच्या, हा विचार मात्र सोडा. कागद तुमचा असला तरी कॉपीराइट तुमचा नाही. तो फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो. नुरेयेव सोव्हिएत संघ सोडून पश्चिमेत आला 1961 साली आणि लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात नर्तिका मार्गो फाँटेनबरोबर 'जिझेल' नाचला 1962 साली. फोटो तेव्हाचा धरला, तर फोटोग्राफर तेव्हा हयात होता. म्हणजे 2032 संपण्याआधी मुदत संपूच शकत नाही. मूळ फोटो विकायचा झाला, तर जाहिरातीत त्याचं चित्र देण्याची सूट 1988च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात आहे.

पण विकण्याआधी भिंगाखाली सही बघा. पेनाची शाई चकाकीच्या थरावर बसलेली दिसते. अक्षरं बारीक ठिपक्यांची असतील, तर ती छापील आहेत, आणि 'हाताची सही' म्हणून विकलंत तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल.

मावसभावाला फोनवर काही बोलू नका. 'मावशींनी हयातीत अमुक तारखेला मला प्रत्यक्ष दिला' एवढं एकच वाक्य एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला, लेखी कळवा, आणि वाद मिटेपर्यंत फोटो घराबाहेर काढू नका.