नागपुरात ऑल्टरनेटिव्ह मॉडेलिंग: त्या फॉर्मवर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हातभर टॅटू, केसांत निळी बट, वजन नव्वदीत, पोटावर-मांडीवर स्ट्रेच मार्क्स, आणि हे सगळं झाकून नाही तर दाखवून फोटो काढायचेत. एक स्टुडिओ १५,००० रुपयांत पोर्टफोलिओ करून देतो म्हणतो, फक्त शूटच्या आधी दोन पानी इंग्रजी फॉर्मवर सही हवी. तुम्ही विचारलंय पोझ कशा द्यायच्या, लाज कशी घालवायची, घरी काय सांगायचं. उत्तर देणारे बाकी सगळे पोझवरच लिहून राहिले. फॉर्मबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि मला तर अख्ख्या मजकुरात तेवढंच दिसलं.

ऑल्टरनेटिव्ह मॉडेलिंग म्हणजे नेहमीच्या मॉडेलच्या साच्याबाहेरच्या रूपाचं मॉडेलिंग. त्यात गॉथ काय, पंक काय, प्लस-साइझ मोडतं की नाही, ते सोडून देते. तुम्हाला माहीत आहे. शिवाय मी वकील नाही. खाली कलमं लिहिली आहेत ती वाचून कुणावर दावा ठोकायला जाऊ नका, आधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. फोटोचा पहिला मालक साधारणपणे फोटोग्राफर. पण एखाद्याने पैसे मोजून, स्वतःसाठी म्हणून फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार झालेला नसेल, तर मालक तो पैसे देणारा. म्हणजे १५,००० तुम्ही दिलेत तर फोटो मुळातच तुमचे आहेत. मग सही काहून पाहिजे? कारण ती दोन पानं म्हणजेच तो वेगळा करार. पैसे तुमचे, अंग तुमचं, आणि सही झाली की हक्क त्यांचा.

कोलॅबमध्ये, म्हणजे दोघांनीही पैसे न घेता केलेल्या शूटमध्ये, मालकी फोटोग्राफरकडे राहते. तिथे वाईट काही नाही, फक्त तुम्हाला ते फोटो कुठे वापरता येतील हे लिहून घ्यावं लागतं. आपल्याकडे ऑल्टरनेटिव्ह प्रकारातलं बरंचसं काम असंच होतं. 'रजिस्ट्रेशन फी भरा, मुंबईत काम लावून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. खरी एजन्सी तुम्हाला मिळालेल्या मानधनातून कमिशन कापते, आधी फी मागत नाही.

फॉर्ममध्ये बहुतेक वेळा दोन वेगळे व्यवहार एकाच सहीत गुंडाळलेले असतात. एक, तुमचा चेहरा आणि शरीर असलेला फोटो वापरायला तुमची संमती. दुसरा, कॉपीराइटचं हस्तांतरण. हे दोन वेगवेगळ्या कागदांवर करा म्हणून सांगा. दुसऱ्याची तर तुमच्या बाबतीत गरजच नाही. कलम १९ म्हणतं की हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. कायदा इतपत सांभाळून घेतो, आणि नेमकं तेच टाळायला फॉर्ममध्ये 'कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या किंवा पुढे येणाऱ्या कोणत्याही माध्यमात, बदल करून किंवा न करता' या अर्थाचं लांबलचक वाक्य घातलेलं असतं. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, मध्ये कुठेतरी शोधा. सापडेल.

त्यातलं 'बदल करून' आपल्यासारख्यांना सगळ्यांत घातक. नेहमीच्या मॉडेलचा फोटो बदलला तर फार तर त्वचा गुळगुळीत होते. तुमचा बदलला तर टॅटू पुसले जातात, कंबर आत ढकलली जाते, आणि मूळ फोटो शेजारी 'आधी' म्हणून लावला जातो. ही कल्पनेतली भीती नाही. शहरातल्या एका स्टुडिओच्या अशाच कागदापायी माझे फोटो वजन घटवण्याच्या जाहिरातीत गेले, आणि तक्रारीच्या खिडकीवर उत्तर मिळालं की 'सही तर तुमचीच आहे ना'. नावं घेत नाही, कुणी विचारूही नका. पण त्या खिडकीमागच्या माणसाला संमती कशाला दिली होती आणि वापर कशासाठी झाला हा फरक समजावून घ्यायचाच नव्हता. अंगावर टॅटू दिसले की समोरचा 'हिला कशाची लाज' असं धरूनच चालतो, आणि कागद वाचायचे कष्टसुद्धा घेत नाही. असो.

तर फॉर्म मराठीत मागा, किंवा स्वतः मराठीत लिहून न्या. एक पान पुरतं. त्यात हे यावं: वापर फक्त दोघांच्या स्वतःच्या पोर्टफोलिओ आणि सोशल मीडियासाठी. मुदत २ वर्षं, पुढे वाढवायची तर पुन्हा लेखी. तिसऱ्या कुणाला विकायचे नाहीत, स्टॉक फोटोंच्या साइटवर टाकायचे नाहीत. वजन घटवणे, त्वचा उजळवणे, आधी-नंतर तुलना, आरोग्य, डेटिंग, प्रौढांसाठीच्या सेवा यांच्या जाहिरातीत नाही. शरीराचा आकार, त्वचेवरच्या खुणा आणि टॅटू यांत फेरफार नाही, एआयने फोटो बनवायला किंवा एआयला शिकवायला वापर नाही. प्रकाशित होणारा प्रत्येक फोटो आधी तुमच्या डोळ्यांखालून जाणार. मूळ, न निवडलेल्या फाइल्स कुणाला दाखवायच्या नाहीत आणि ठरावीक तारखेला पुसायच्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि तारीख, प्रत तुमच्याकडे. वाद कोर्टात जाईल असं वाटत असेल तर मुद्रांकावर करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० रुपयांचा लागतो. ओळखपत्र मागितलं तर मास्क्ड आधार (शेवटचे चारच अंक दिसणारं) द्या आणि प्रतीवर आडवं 'फक्त अमुक तारखेच्या शूटसाठी' असं लिहा.

हे ऐकून स्टुडिओवाला म्हणेल, 'मॅडम, सगळेच सही करतात.' करत असतील. जो फोटोग्राफर यातल्या दोन-तीन अटींवर घासाघीस करतो तो चालेल. जो कागद वाचायलाच नकार देतो त्याच्यासमोर कपडे बदलायला जाऊ नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तरीही फोटो बाहेर गेलाच तर? पहिल्यांदा समोरच्याला शिव्या घालणारा मेसेज टाकू नका, तो पोस्ट पुसून मोकळा होतो आणि पुरावा जातो. आधी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट, त्यात लिंक, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मग त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. कॉपीराइट तुमचा असेल तर तक्रार कॉपीराइटची करा, 'मला आवडलं नाही' अशी नको. कॉपीराइट नियम २०१३ प्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत तो मजकूर २१ दिवसांसाठी बंद करायचा असतो, त्या मुदतीत कोर्टाचा आदेश आणावा लागतो. म्हणून म्हणते, मालकी सोडू नका. खाजगी अंग दिसणारे किंवा मॉर्फ केलेले फोटो असतील तर २०२१ च्या आयटी नियमांचा वेगळा, जास्त झटपट रस्ता आहे, आणि आयटी कायद्याचं कलम ६६ई आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ तर असंही सांगतं की स्त्रीने खाजगी फोटो काढायला होकार दिला असेल पण पसरवायला दिला नसेल, तरी पसरवणं गुन्हाच. हे वाक्य छापून पर्समध्ये ठेवा, खिडकीवर उपयोगी पडतं. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही घरबसल्या करता येते. जाहिरातीत वापर झाला असेल तर एएससीआयकडे, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे, ऑनलाइन तक्रार करा. जाहिरात लठ्ठपणावरच्या औषधाची असेल तर १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा बघा, ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे त्या यादीत लठ्ठपणा आहे. ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे.

हुश्श. आता शूट.

पोझपेक्षा तयारी महत्त्वाची. टॅटू ताजा असेल तर वरची त्वचा भरायला २ ते ४ आठवडे लागतात, खपली असताना शूट नको. शूटच्या १५ मिनिटं आधी बिनवासाचं लोशन अगदी पातळ लावा आणि टिश्यूने टिपून घ्या. तेल लावलं तर काळ्या शाईवर पांढरा चट्टा चमकतो आणि रेषा दिसत नाहीत. फ्लॅश वापरणार असाल तर झिंक किंवा टायटॅनियम ऑक्साइडचं सनस्क्रीन त्या दिवशी टाळा, चेहरा राख फासल्यासारखा पांढरा येतो. कमरेचं इलॅस्टिक, ब्रा, मोजे यांचे वळ जायला तासभर तरी लागतो, तेव्हा स्टुडिओत सैल गाऊन घालूनच पोचा. नवं पिअर्सिंग शूटसाठी करू नका. नाकाला भरायला ४ ते ६ महिने, कानाच्या कूर्चेला ६ ते १२. तोवर दागिना बदलला की चिघळतं. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरकडून मापाने घ्या, मैत्रिणीच्या घालू नका, नळाच्या पाण्याने धुऊ नका. आणि बाजारात मिळणारी 'काळी मेंदी' टॅटूच्या हौसेने लावू नका बाप्पा, तिच्यात पीपीडी नावाचं केस काळे करायचं रसायन असतं, फोड येतात, डाग राहतात.

स्ट्रेच मार्क्स किती दिसावेत हे कॅमेरा नाही, प्रकाश ठरवतो. बाजूने, त्वचेला घासून जाणारा प्रकाश प्रत्येक रेघ उठावदार करतो. समोरून मऊ प्रकाश आला की त्या विरघळतात. तुम्हाला दाखवायच्यात, तर उत्तरेकडच्या खिडकीला काटकोनात, तीन फुटांवर उभ्या राहा, खिडकीला पातळ पांढरं सुती कापड लावा. दुसऱ्या बाजूला काळी चादर टांगली की सावली गडद होते, पांढरा कार्डशीट धरला तर सौम्य. फोनवर काढत असाल तर ब्यूटी मोड बंद आहे का ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच रेघा पुसून टाकतो. फोन जवळ नेऊ नका, सात-आठ फुटांवरून २एक्स झूमने काढा, नाहीतर जवळचा अवयव फुगतो आणि तुम्ही उगाच स्वतःच्या मांडीला दोष देत बसाल. कॅमेरा छातीच्या उंचीवर. 'वरून काढ, बारीक दिसशील' हा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

बॅकड्रॉपला गांधीबागेतून काळं वेल्वेट घ्या, ४४ इंची पन्ह्याचे ३ मीटरचे दोन तुकडे जोडले की सव्वादोन मीटर रुंदी मिळते. काळी सुती चादर फोटोत करडी दिसते, वेल्वेट प्रकाश गिळतं. हार्डवेअरच्या दुकानातली साखळी मीटरवर मिळते आणि फॅशनच्या दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. त्वचेला लागणाऱ्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर काळे डाग आणि निकेलची खाज. कॉर्सेट पहिल्या वेळी २ इंचांपेक्षा जास्त आवळू नका. लेटेक्सच्या, म्हणजे रबरी तंग कपड्यांचा विचार उन्हाळ्यात सोडा. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, काजळसुद्धा हनुवटीपर्यंत येतं. जेल लाइनर लावून वर काळ्या आयशॅडोने दाबा. बाहेर शूट करायचंच तर सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, सात-सव्वासातला आवरतं घ्या. फुटाळा तलाव असो की अंबाझरी, ट्रायपॉड उभा केला की कुणीतरी हटकतंच, बागेत परवानगी आदल्या दिवशी विचारा.

लाजेबद्दल थोडंसं, कारण यात मला फार मोठे दावे करायचे नाहीत. फोटो काढल्याने शरीर आवडायला लागतं असं नाही. डोळ्याला सवय होते, एवढं नक्की. फोटो त्याच दिवशी बघू नका, थकलेला डोळा फक्त दोष मोजतो. तीन दिवसांनी बघा, आणि निवड करताना आधी 'काय म्हणायचं होतं ते आलं का' हे बघा, 'कशी दिसते' ते नंतर. निवड दुसऱ्या कुणावर सोपवू नका, नवऱ्यावर किंवा मित्रावर तर नाहीच. लाइक्स कमी आले म्हणून फोटो काढून टाकायची घाई नको. पण फोटो बघून जेवण सुटत असेल, तासन् तास आरशासमोर एकाच जागी नजर अडकत असेल, तर शूट थांबवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घरी काय सांगायचं? कशाचे फोटो ते तुमच्या घराप्रमाणे ठरवा, मी त्यात पडत नाही. पण कुठे, कुणाकडे, किती वाजेपर्यंत, हे एका तरी माणसाला खरं सांगा आणि लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. सोबत मैत्रीण किंवा मावशी-काकू कुणी न्याच, ज्या स्टुडिओला सोबतचं माणूस चालत नाही तो स्टुडिओ आपल्याला चालत नाही. फक्त तिला हाताला काम द्या: पिना, पाणी, गाऊन धरणं. नुसती खुर्चीवर बसवली तर ती दर पाच मिनिटांनी 'पोट आत घे ना' म्हणते.