आळंदीत लग्न झालं, पण मी ज्यू आहे : आता काय करावं?

प्रश्न : मी अलिबागकडची बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू जमातीतली), नवरा हिंदू. दोघांचीही वयं तिशीच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी घरी न सांगता आळंदीत वैदिक पद्धतीने लग्न केलं, नोंदणीचा दाखलाही मिळाला. आता एका वकिलांनी सांगितलं की हे लग्नच वैध नाही. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, हिंदू झाल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि मोकळ्या व्हा. आईला वाटतं, तसं केलं तर मी जमातीतून जाईन आणि नातवंडंही परकी होतील. मला पाचवा महिना आहे.

उत्तर : ताई, तुम्ही दोघांनी काही गुन्हा केलेला नाही आणि हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. पण त्या वकिलांचं म्हणणं बरोबर आहे. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लागायला वधू आणि वर दोघंही कायद्याच्या दृष्टीने हिंदू (त्यात बौद्ध, जैन, शीख आले) असावे लागतात. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदू-ख्रिस्ती जोडप्याचं असं लग्न याच कारणाने शून्य, म्हणजे मुळातच अवैध ठरवलं. सप्तपदी झाली, दाखला मिळाला, तरी मुळात नसलेली वैधता नोंदणीने येत नाही.

प्रतिज्ञापत्राच्या वाटेला मात्र कृपा करून जाऊ नका. आज धर्म बदलल्याने दोन वर्षांपूर्वीचं लग्न वैध होत नाही आणि मागची तारीख घातलीत तर तो सरळ खोटा कागद होतो. मन जिथे नाही तिथे फक्त शिक्क्यासाठी धर्म सोडायला कायदाही सांगत नाही, मीही सांगणार नाही.

तुमच्यासाठी रस्ता आहे तो विशेष विवाह कायदा, १९५४ चा. त्याच्या कलम १५ खाली, इतर पद्धतीने विधी झालेल्या आणि तेव्हापासून पती-पत्नी म्हणून एकत्र राहणाऱ्या जोडप्याला नोंदणी करता येते. दोघांचं वय २१ पूर्ण हवं आणि अर्जाआधी निदान ३० दिवस दोघंही त्या जिल्ह्यात राहत असायला हवेत. अर्जानंतर जाहीर नोटीस लागते, हरकतींसाठी ३० दिवस असतात. घरच्यांची नाराजी किंवा वेगळा धर्म ही हरकत होऊ शकत नाही. मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. आळंदीच्या कागदांवर तुमचा धर्म ‘हिंदू’ लिहिला गेला असेल, तर ते वकिलांना आधीच सांगा.

लग्न कायद्याने धरलं जाईल ते नोंदणीच्या दिवसापासून. बाळासाठी मात्र तरतूद उदार आहे : विधीनंतर जन्मलेली मुलं पहिल्यापासूनच औरस मानली जातात. बाळ नोंदणीआधी जन्मलं तर त्याचं नाव विवाहाच्या नोंदवहीत घालून घ्या.

एक गोष्ट फार कमी जोडप्यांना माहीत असते. या नोंदणीनंतर तुमच्या यजमानांच्या मिळकतीला हिंदू वारसा कायदा लागू राहत नाही, भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्राविना ते गेले तर एक तृतीयांश पत्नीला, दोन तृतीयांश मुलांना; मुलं असताना यजमानांच्या आईला काहीच नाही. सासूबाईंची सोय व्हावी असं वाटत असेल तर यजमानांनी मृत्युपत्र करावं. एकत्र कुटुंबातूनही ते विभक्त धरले जातात, पण त्यांचा हिस्सा बुडत नाही. तुमच्या वडिलांच्या मिळकतीतला तुमचा वारसाही अबाधित आहे. ज्यूंना हाच १९२५ चा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान. वडिलांनी मृत्युपत्रात वेगळं लिहिलं तर गोष्ट निराळी. तुम्ही स्वतः मृत्युपत्र केलेलं असेल तर ते नोंदणीनंतर नव्याने करा, कारण ज्यू व्यक्तीचं जुनं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं.

आता आईचं. या नोंदणीने तुमचा धर्म बदलत नाही. आणि नातवंडांबद्दल त्यांना सांगा की ज्यू परंपरेत मूल आईवरून ज्यू ठरतं. सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) प्रार्थना चालवणाऱ्या हझानना विचारलं तर तेही हेच सांगतील. सिनेगॉगमध्ये तुमचं धार्मिक लग्न लावाच, असं कोर्ट कुणाला सांगणार नाही. पण प्रार्थनेला किंवा दफनभूमीत मज्जाव करून वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. ते शेवटचं शस्त्र, एवढ्यात त्याचं नावही काढू नका. नोटीस फलकावर लागण्याआधी आईला सोबत घेऊन जमातीच्या वडीलधाऱ्यांना भेटा, म्हणजे त्यांना ही बातमी तुमच्याच तोंडून कळेल.