इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं कागदाचं मॉडेल खरंच उडवता येईल का? मोटर कुठली टाकू?

उडवता येतं. पण मोटर, म्हणजे रॉकेटला ढकलणारी दारूची नळी, हा नंतरचा प्रश्न आहे. तुम्ही लिहिलंय की मॉडेल ४४ सेंटिमीटरचं आहे आणि 'ते उभं राहावं म्हणून खाली थोडं वजन टाकणार आहे'. तुमचं ते वाक्य वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवून लिहायला बसलो. खाली वजन टाकू नका. ह्या एका गोष्टीवरून आमच्या घरात २०१७पासून वाद चालू आहे.

माझं नागपुरात महालात बाइंडिंगचं दुकान आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत पीएसएलव्ही-सी३७ ने एका दमात १०४ उपग्रह सोडले, आणि सहावीतल्या माझ्या मुलीच्या डोक्यात रॉकेट शिरलं. खरं रॉकेट ४४ मीटर उंच आणि २.८ मीटर जाड, म्हणून आम्ही १:१०० च्या मापाने ४४ सेंटिमीटर बाय २८ मिलिमीटर धरलं. तुमचंही तेच माप दिसतंय. कागद १६० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम. त्याचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, नळीच्या लांबीच्या दिशेने ठेवला असेल अशी आशा आहे. आडवा ठेवला तर नळीला सुरकुत्या पडतात आणि मग लोक फेविकॉलला शिव्या देतात. कळत नसेल तर त्याच कागदाचं एक चिटोरं एका बाजूने ओलं करा. ते वळून जी नळी होते, तिच्या लांबीची दिशा ती ग्रेनची दिशा.

मे महिन्यात दादा सुट्टीवर आला. माझा मोठा भाऊ, पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर. मुलगी म्हणाली, "मोठे बाबा, हे उडवायचं आहे." त्याने मॉडेल हातात घेतलं, बोटावर तोललं आणि निकाल दिला, "वरती हे एवढं मोठं डोकं, खाली काहीच नाही. उलटंच होईन ना बे हे! तळात वजन टाक." उदाहरणं तयारच होती. तळ जड असलेली बाहुली कितीही पाडली तरी उभी राहते. दिवाळीच्या रॉकेटला खाली काडी असते. पतंग गोते खायला लागला की शेपूट लावतो. मी म्हटलं, दादा, बाहुली जमिनीवर टेकलेली असते, हे हवेत राहणार आहे. त्यावर वहिनीसमोर आणि पोरीसमोर मला म्हणाला, "तू पुस्तकं शिव. रॉकेटचं मला नको सांगू."

बरं. शिवतो पुस्तकं.

मोठा म्हणून पहिली पाळी त्याची. तळात आतून तीन लोखंडी वॉशर चिकटवले. उडवायची सोय साधी होती: अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाईप, त्याच्या टोकाला दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, आणि बाटलीवर दोन्ही पायांनी उडी. पाईपावर सहज सरकेल अशी कागदाची आतली नळी केली, तिचं वरचं तोंड चार थर देऊन बंद केलं, आणि पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांनी ती मॉडेलच्या बरोबर मधोमध बसवली. सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. दादाने उडी मारली. रॉकेट पाईपावरून सुटलं, दोन हात वर गेलं, आडवं झालं, शेपूट पुढे करून गिरकी घेतली आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुरडयांच्या चादरीवर जाऊन पडलं. काकू काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

दादा म्हणाला, "वारा होता." नागपुरात मे महिन्यात सकाळी सहाला वारा! पान हलत नव्हतं.

त्या रात्री वॉशर काढले. गणपतीची उरलेली शाडू भिजवून टोकाच्या आत १२ ग्रॅम भरली. मागे, बाजूला चिकटलेल्या सहा छोट्या बूस्टरांच्या, म्हणजे जोड-रॉकेटांच्या फटींतून, एक सोडून एक अशा तीन फटींत पंख लावले. शर्टाच्या डब्याचं पारदर्शक प्लॅस्टिक, प्रत्येक पंख साधारण पाच सेंटिमीटर बाहेर. दोन हात लांबून दिसतही नाहीत. मॉडेलवाल्यांत एक जात आहे, तिला ही फसवणूक वाटते. खऱ्या पीएसएलव्हीला पंख नाहीत म्हणे. नाहीत, कारण खरं रॉकेट उडता उडता स्वतःला सावरतं. त्याच्या पहिल्या टप्प्यात नॉझलच्या, म्हणजे ज्वाळा बाहेर पडते त्या तोंडाच्या आत बाजूने स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं द्रावण मारून ज्वाळेची दिशा वळवतात. तुमच्या कागदात ते बसवणार असाल तर नका लावू पंख.

मग सद्दी घेतली. म्हणजे पतंगाचा काच न लावलेला दोरा. मांजा नको, साधी सद्दीच. रॉकेट जिथे आडवं तोलून राहतं तिथे ती बांधली, चिकटपट्टीने पक्की केली आणि डोक्यावरून गोल फिरवलं. नाक पुढे करून गेलं, सलग दहा-बारा फेऱ्या. दुसऱ्या दिवशी बाटलीवर उडी मारली तर सरळ दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेलं आणि नाकावर उतरलं. दादा चहा पीत होता. "आज वारा नव्हता," म्हणाला.

कारण असं आहे. हवेत रॉकेटला टेकायला काही नाही, ते आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरतं. हवेचा दाब एकूण ज्या जागी लागतो ती जागा त्या मध्याच्या मागे असली तर हवा शेपटीला पुन्हा ओळीत ढकलते. पुढे असली तर उलटवते. पीएसएलव्हीचं डोकं, म्हणजे हीट शील्ड, ३.२ मीटरचं आहे, अंगापेक्षा जाड. ते हवेची जागा पुढे ओढतं, त्यात तुम्ही वजन मागे नेताय. दिवाळीच्या रॉकेटची काडी वजनासाठी नसतेच. ती लांब असल्यामुळे हवेला मागे धरायला दांडा मिळतो. पतंगाचं शेपूटही तेच करतं. दादाची तिन्ही उदाहरणं चुकीची. लाज वाटायचं कारण नाही म्हणा, अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्डनेसुद्धा १६ मार्च १९२६ला पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं तेव्हा इंजिन वर आणि टाक्या खाली ठेवल्या होत्या. अडीच सेकंदांत ४१ फूट गेलं. पुढे ती मांडणी त्याने सोडून दिली. दादाने अजून सोडलेली नाही.

तुमच्यासाठी हिशेब: रॉकेटच्या बाह्याकृतीचा पंखांसकट पुठ्ठा कापा आणि पट्टीच्या धारेवर तोला. जिथे तोलतो ती हवेची जागा धरा. खऱ्या मॉडेलच्या वजनाचा मध्य त्याच्या निदान एक जाडी पुढे हवा, म्हणजे तुमच्यात २८ मिलिमीटर. कमी पडलं तर नाकात माती वाढवा किंवा पंख मोठे करा.

आता मोटर. परदेशात १८ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब अशी तयार मोटर मिळते. ए८-३ लिहिलेलं असेल तर ए म्हणजे एकूण जोर २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, ८ म्हणजे सरासरी ८ न्यूटन, आणि ३ म्हणजे जळून झाल्यावर तीन सेकंदांनी आतला छोटा बार नाक उडवून पॅराशूट बाहेर काढतो. तुमच्या नळीत ती चकत्या लावून आरामात बसेल. पण आपल्याकडे ही वस्तू १८८४च्या स्फोटक कायद्यात येते, आणि त्या खात्याचं मुख्य कार्यालय इथेच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. परवान्याशिवाय मागवू नका, कुणा पाहुण्याच्या बॅगेतूनही आणवू नका. दिवाळीचं रॉकेट फोडून त्यातली दारू तर अजिबात काढू नका. बाटली आणि पाईप पुरेसा आहे. वर विजेची तार नको, पाईपावर वाकून बघायचं नाही, पोरं पाच मीटर मागे.

एक कबूल करतो. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री मॉडेल कूलरसमोर राहिलं होतं आणि ओल्या हवेने नळी किंचित वाकली होती. दादा अजून त्यावरच अडून बसतो. पण दुसऱ्या दिवशी उडाली ती हीच वाकडी नळी.

म्हणून एक विनंती. तुमची नळी नवी आहे, सरळ असेल. सद्दीला बांधून फिरवाल तेव्हा एकदा नाकात माती घालून आणि एकदा मागे वॉशर लावून फिरवा, दोन्हींचा व्हिडिओ काढा आणि इथे टाका. पंखा बंद ठेवा, तोही दिसू द्या. दादा पुढच्या महिन्यात येतोय.