ग्रामसभेपासून दशावतारापर्यंत : मोबाइलकरांचे प्रश्न

गावातल्या, वॉर्डातल्या घडामोडी मोबाइलवर टिपणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ‘फोन कुठला घ्यावा?’ हा प्रश्न बहुतेकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर एका ओळीचं : हातात आहे तोच. खर्च करायचाच असेल तर तो माइकवर आणि स्टँडवर करा. बाकीच्या पत्रांतले निवडक प्रश्न खाली घेतले आहेत.

आमची ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरते. मागे उभं राहून पूर्ण दोन तास शूट केलं. चित्र स्वच्छ आलं, पण कोण काय बोललं ते कळत नाही. अ‍ॅपवरून आवाज ‘क्लीन’ करून पाहिला, तर सगळे पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात. काय चुकतं? (वाचक, माण तालुका)

अंतर चुकतं. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पत्र्यावर आपटून परत येणारा घुमारा मात्र शेडमध्ये सगळीकडे जवळपास सारखाच असतो. म्हणून चाळीस फुटांवर तुमच्या माइकला माणूस कमी आणि पत्रा जास्त ऐकू येतो. एकदा मिसळलेला घुमारा कुठलंच अ‍ॅप नीट वेगळा काढू शकत नाही. ते शब्दांचे तुकडेही सोबत नेतं, आणि तुम्ही म्हणता तो पाण्याखालचा आवाज उरतो.

यावर उपाय म्हणजे चित्र आणि आवाज वेगळे घ्यायचे. चित्राचा फोन स्टँडवर, बाजूच्या खांबाजवळ, बसलेल्यांच्या डोक्याच्या जरा वर लावा. दुसरा कुठलाही जुना फोन व्हॉइस रेकॉर्डर चालू करून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवा. खाली रुमालाची घडी घाला, नाहीतर टेबलावर रजिस्टर आपटलं की तेवढ्यापुरता आवाज फाटतो. सभेला लाउडस्पीकर असेल तर हा फोन बॉक्सपासून तीन-चार फुटांवर, थेट समोर न ठेवता जरा तिरका ठेवा. अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन-आउटची वायर मात्र फोनच्या माइकच्या पिनमध्ये खुपसू नका. तो सिग्नल माइकच्या मानाने फार मोठा असतो, त्यामुळे सगळं रेकॉर्डिंग फाटकं येतं. दोन्ही फोन चालू झाले की कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. एडिटिंगला टाळीचं चित्र आणि आवाजाचा उंचवटा जुळवला की काम झालं. तासाभरात दोन फोन एकमेकांपासून किंचित सरकतात, म्हणून मध्ये चहा आला की पुन्हा एक टाळी.

वायरचा कॉलर माइक घेणार असाल तर त्याची पिन पाहा. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर तो हेडफोनच्या गोल भोकाच्या फोनला चालतो. दोनच असतील तर तो कॅमेऱ्याचा माइक, फोन त्याला ओळखत नाही आणि गुपचूप स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. हे घरी येईपर्यंत कळत नाही. म्हणून सुरुवातीला दहा सेकंद रेकॉर्ड करून, माइकवर नखाने हलकं टकटक करून ऐका.

फोन विमान मोडवर टाका, कारण बऱ्याच फोनमध्ये कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं. १०८० पी, ३० फ्रेमवर मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात. दोन तासांना सुमारे १६ जीबी होतात, तेवढी जागा आधी मोकळी करा. एकच सलग फाइल न करता दर विषयाला थांबवून पुन्हा चालू करा. बॅटरी दगा देऊन फाइल अर्धवट राहिली तर निदान एकच विषय जातो. उन्हाळ्यात पत्र्याखाली फोन तापून बंद पडतो. कव्हर काढा आणि चार्जिंग लावायचं ते सभा सुरू होण्याआधी.

आता तंत्राबाहेरचं एक. सभा सुरू होण्याआधीची पाच मिनिटं सर्वांत मोलाची. नोटीस बोर्डावरची सभेची नोटीस आणि तिच्यावरची तारीख (सात दिवस आधी लागते), विषयपत्रिका, आणि बसलेल्यांचा एक सावकाश फिरवलेला शॉट घ्या. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) लागतो मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. पुढे रजिस्टरवर १३० सह्या दिसल्या आणि तुमच्या शॉटमध्ये पस्तीस माणसं असली, तर बातमी आपोआप उभी राहते.

सरपंच म्हणतात, ‘प्रेस कार्ड दाखव, नाहीतर मोबाइल बंद कर.’ एका पोर्टलवाल्याकडे दोन हजारांत कार्ड मिळतंय. घेऊ का? (वाचक, केज)

नका घेऊ. त्या कार्डाने एकही दार कायद्याने उघडत नाही. राज्य सरकारची अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून मिळणारी सरकारी मान्यता) माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, आणि ग्रामसभेत बसायला तीही लागत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. तुम्ही तिथे पाहुणे नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये ग्रामसभेच्या चित्रीकरणाला बंदी घालणारं कलम नाही. उलट केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ‘जीएस निर्णय’ नावाचं अ‍ॅप काढलं आहे, त्यावर ग्रामपंचायतीनेच ग्रामसभेचा व्हिडिओ चढवायचा असतो. हा मुद्दा शांतपणे मांडला की बऱ्याचदा ताण उतरतो. तरीही सभेची शिस्त अध्यक्षांच्या हातात असते. टेबलाला खेटून, बोलणाऱ्याच्या तोंडापुढे फोन धरलात तर ‘सभेत अडथळा आणला’ म्हणायला तुम्हीच जागा करून देता. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत साध्या कागदावर ‘मी चित्रीकरण करणार आहे’ असं कळवा आणि पोच घ्या. परवानगी मागू नका, माहिती द्या.

ग्रामपंचायतीची मासिक सभा आणि नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा हा वेगळा मामला आहे. तिथे तुम्ही सदस्य नसता, म्हणून कार्यालयात (नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडे) लेखी अर्ज करून प्रेक्षकांच्या जागेतूनच शूट करा.

पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याबद्दल शासकीय गुपिते अधिनियमाचा धाक घातला जातो, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्या कायद्यातल्या ‘निषिद्ध जागे’च्या व्याख्येत पोलीस ठाणं येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून ठाण्यात कुठेही, कुणाचंही, कसंही शूट करा, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

गावात नवा सिमेंट रस्ता सहा महिन्यांत फुटला. व्हिडिओ टाकला, दहा हजार लोकांनी पाहिला, पण झालं काहीच नाही. उलट ठेकेदाराने अब्रुनुकसानीची नोटीस पाठवली. (वाचक, संगमनेर)

व्हिडिओ पाहिला. त्यात खड्डे आहेत, चिडलेले लोक आहेत आणि ‘पैसे खाल्ले’ हे वाक्य चार वेळा आहे. मोजमाप एकही नाही. नोटीस खड्ड्यांमुळे नाही, त्या वाक्यामुळे आली.

आधी कागद. माहिती अधिकारात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (कार्यालयात ‘एमबी’ म्हणतात) आणि अंतिम देयकाची प्रत मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही अट आहे आणि तीच दाखवून अर्ज परत केले जातात. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, प्रती पानाला २ रुपये. रस्ता पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतून झाला असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च घरबसल्या दिसतो. स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा.

मग रस्त्यावर जा. पहिला शॉट कामाच्या फलकाचा : योजना, रक्कम, ठेकेदार, दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा असतो). फलकच नसेल तर ती मोकळी जागा दाखवा. नंतर टेप. बहुतेक व्हिडिओ इथेच कच्चे राहतात. टेप रस्त्यावर टेकवून ताणा आणि शून्याच्या टोकावर कॅमेरा ठेवा. तिथून न थांबता टेपच्या कडेने चालत दुसऱ्या टोकाला या आणि आकड्यावर बरोबर वरून, काटकोनात थांबा. तिरका कोन असला की आकडा दोन-तीन सेंटिमीटरने इकडे-तिकडे वाचला जातो, आणि समोरचा वकील त्याच दोन सेंटिमीटरला धरतो. मध्ये कट नको. दर पन्नास मीटरला एक, अशी निदान पाच मापं घ्या आणि प्रत्येक वेळी आकडा तोंडाने बोला. जाडीसाठी रस्त्याची उघडी कड शोधून तिथे स्टीलची पट्टी उभी धरा. पहारीने उकरायचं नाही. ते सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान होतं आणि गुन्हा तुमच्यावरच दाखल होतो. नमुना हवाच असेल तर माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. तो फारसा कुणी वापरत नाही, हे नवलच.

व्हिडिओत मग एवढंच म्हणा : ‘अंदाजपत्रकात रुंदी ३ मीटर आहे. पाच ठिकाणी मोजली, ती अमुक ते अमुक भरली. एमबीमध्ये मात्र ३ मीटर लिहिली आहे.’ पुढचं वाक्य बघणारा स्वतः म्हणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा अपवाद आहे, पण सत्य सिद्ध करण्याची पाळी तुमच्यावर येते. ‘पैसे खाल्ले’ तुम्ही कशाने सिद्ध करणार? प्रकाशित करण्याआधी ठेकेदार आणि शाखा अभियंता दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी प्रश्न पाठवा, दोन दिवस द्या, उत्तर आलं तर जसंच्या तसं दाखवा.

मूळ फाइल फोनमधून उडवू नका, ट्रिम करू नका, नाव बदलू नका. एडिटिंग नेहमी कॉपीवर. पुढे कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून संगणकाने काढलेला, जणू तिचा अंगठ्याचा ठसा असा आकडा) लिहावी लागते. एक अक्षर बदललेल्या फाइलची हॅशही बदलते.

शाळेतल्या पोषण आहाराचा व्हिडिओ केला. मुख्याध्यापक म्हणतात, मुलांचे चेहरे काढून टाका. (वाचक, नंदुरबार)

त्यांचं ऐका. चेहऱ्यांशिवाय तुमची बातमी जास्त नेमकी होईल. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. हजेरीचा आकडा, त्या दिवशी काढलेला तांदूळ आणि साठा रजिस्टर हे तिन्ही एकाच व्हिडिओत आले पाहिजेत. ताट दाखवा, हात दाखवा, मूल नको.

दशावताराचं रात्रीचं नाटक शूट करताना पडद्यावर काळे पट्टे सरकतात आणि राजाचा चेहरा पांढराफटक येतो. शिवाय पूर्ण नाटक यूट्यूबवर टाकलं तर चालेल का? (वाचक, कुडाळ)

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर त्या लयीत नसलं की पट्टे दिसतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा. हाताने सेटिंग देणारं अ‍ॅप असेल (ओपन कॅमेरा आणि ब्लॅकमॅजिक कॅमेरा दोन्ही फुकट आहेत) तर शटर १/५० किंवा १/१०० आणि २५ फ्रेम. आयफोनवर २५ फ्रेमचा पर्याय ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केल्याशिवाय दिसत नाही. स्वस्त एलईडी हॅलोजनचा लुकलुकाट मात्र वेगळ्याच गतीचा असतो. तिथे शटर थोडं थोडं सरकवत पट्टे जातील ते माप शोधा, नाटक सुरू होण्याआधी.

चेहरा जळतो कारण मागचा अंधार बघून फोन सगळंच उजळवतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि एक घर खाली आणा. व्हाइट बॅलन्सही लॉक करा, नाहीतर राक्षस रंगमंचावर आला की फोन त्याच्या लाल रंगाला ‘सुधारायला’ जातो आणि मागचा पडदा निळा होतो.

बसायची जागा पेटी-झांजवाल्यांच्या विरुद्ध बाजूला घ्या. झांजेचा चटका माइकवर थेट आला तर संवाद हरवतात, आणि दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. गेलेला संवाद परत मिळत नाही. म्हणूनच सलग शॉट घ्या. सारखं झूम करत बसू नका. पूर्वरंग (मुख्य कथेआधीचा भाग) लोक वगळतात, तो वगळू नका.

पूर्ण नाटक टाकण्याचं म्हणाल तर आधी मंडळाच्या मालकांना विचारा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ प्रमाणे सादरीकरणावर कलाकाराचा हक्क ५० वर्षं असतो. जत्रेच्या बातमीपुरते एक-दोन मिनिटांचे तुकडे चालतात, पूर्ण रात्र नाही. मालकाने होकार दिला तर तो कॅमेऱ्यावरच घ्या आणि नटांची, वादकांची नावं विचारून वर्णनात लिहा. एवढं साधं काम बहुतेक चॅनेलवाले करत नाहीत.

ढोल-ताशाचा आवाज फाटतो. (वाचक, पुणे)

पथकापासून तीस-चाळीस फूट मागे या, बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि मॅन्युअल अ‍ॅपमध्ये आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास बसवा. माइकमध्येच फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो. जवळचे शॉट हवेत तर ते मुके घ्या आणि खाली लांबून घेतलेला आवाज लावा.

जत्रेच्या व्हिडिओत मागे डीजेचं गाणं वाजत होतं. यूट्यूबने कॉपीराइट क्लेम पाठवला. चॅनेल बंद होईल का? (वाचक, सातारा)

क्लेम आणि स्ट्राइक वेगळे. क्लेममध्ये सहसा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, चॅनेलला धक्का लागत नाही. स्ट्राइक तीन झाल्या, त्याही ९० दिवसांत, तर चॅनेल जातं. एडिटरमध्ये तेवढंच गाणं बंद करता येतं. त्यापेक्षा शूट करतानाच डीजेची गाडी पुढे जाऊ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ धूसर होतो. (वाचक, परभणी)

डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की दाबला जातो आणि मूळ तारीख-वेळही गळते.

नगरपरिषदेच्या निवडणुकीत एक उमेदवार ‘पॅकेज’ देतोय : रोज एक व्हिडिओ, महिन्याचे ठरावीक पैसे. चॅनेल चालवायला पैसे तर लागतातच. (वाचक, बारामती)

लागतात. घेणार असाल तर पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पडद्यावर ‘जाहिरात’ हा शब्द ठेवा, आवाज तुमच्या बातमीदाराचा नको, आणि पैशांची पावती द्या, म्हणजे ते उमेदवाराच्या खर्चात धरले जातील. या तिन्ही अटी उमेदवाराला मान्य नसतील तर तो जाहिरात विकत घेत नाहीये, तुमची बातमी विकत घेतोय. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात फोन न्यायचा नाही, आणि मत दिलेल्या यंत्राचा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो चालवायचा नाही.